ज्यू आणि अरब यांच्यातल्या संघर्षाची सुरुवात नेमकी कुठून झाली? हे वैर हजारो वर्षांचं आहे का?

नाही, हजारो वर्षांचं नाही. आज दिसतो तो संघर्ष जेमतेम सव्वाशे-दीडशे वर्षांचा आहे आणि तो समजून घ्यायचा तर धर्मग्रंथांच्या आधी जमिनीचे कागद बघावे लागतात.

१८५८ मध्ये ओटोमन सरकारने (पॅलेस्टाईनवर तेव्हा राज्य करणाऱ्या तुर्की साम्राज्याने) जमिनी नावावर नोंदवायचा कायदा केला. पॅलेस्टाईनमधल्या शेतकऱ्यांना वाटलं, नाव लागलं की कर वाढेल आणि पोरगं सैन्यात जाईल. पुष्कळांनी नोंदणी टाळली, नाहीतर बड्या घराण्यांच्या नावावर होऊ दिली. सातबाऱ्यावर नाव एकाचं आणि वहिवाट दुसऱ्याची, तसाच हा प्रकार. पिढ्यानपिढ्या कसणारे कागदोपत्री कूळ ठरले, मालक राहिले बैरूतला.

१८८१ पासून रशियात ज्यूंवर हल्ले सुरू झाले. जीव वाचवून निघालेले बहुतेक जण अमेरिकेला गेले, थोडे पॅलेस्टाईनला आले. त्यांनी जमिनी रोख पैसे मोजून घेतल्या. पण जुन्या रिवाजात मालक बदलला तरी कूळ हलत नसे. ज्यूंसाठी जमिनी विकत घेणाऱ्या, १९०१ मध्ये निघालेल्या ज्यू नॅशनल फंडाचं धोरण वेगळं होतं: घेतलेली जमीन परत विकायची नाही आणि ती ज्यूंनीच कसायची. त्यामुळे कुळांना उठावंच लागे.

नाझरेथजवळचं अल-फुला हे गाव याचं ठळक उदाहरण. १९१० मध्ये बैरूतच्या सुरसुक घराण्यातल्या मालकाने तिथली सुमारे १० हजार दुनम जमीन विकली (तेव्हाचा एक दुनम म्हणजे साधारण ९ गुंठे). नाझरेथचा ओटोमन अधिकारी शुक्री अल-असली याने खरेदीखत द्यायला नकार दिला. मध्ययुगातला मुस्लिम सुलतान सलाहुद्दीन याने क्रुसेडरांकडून (युरोपातून आलेल्या ख्रिस्ती धर्मयोद्ध्यांकडून) जिंकलेला किल्ला याच गावात होता, त्यामुळे त्याने वृत्तपत्रांत लिहिताच प्रकरण अरब जगात गाजलं. वरिष्ठांनी त्याचा विरोध मोडून काढला. कुळं उठली आणि १९११ मध्ये तिथे मेरहाविया ही ज्यू वसाहत उभी राहिली.

म्हणजे बाल्फोर जाहीरनाम्याआधीच ठिणगी पडली होती. ब्रिटिश परराष्ट्रमंत्री बाल्फोर यांच्या २ नोव्हेंबर १९१७ च्या त्या पत्राने तिला राजकीय रूप दिलं. ब्रिटनने ज्यूंना पॅलेस्टाईनमध्ये ‘राष्ट्रीय घर’ देऊ केलं आणि बहुसंख्य अरबांचा उल्लेख केला तो नुसता ‘बिगर-ज्यू समाज’ असा. त्यांच्या नागरी आणि धार्मिक हक्कांची हमी दिली, राजकीय हक्कांबद्दल अवाक्षर नाही. पहिल्या महायुद्धानंतर पॅलेस्टाईन ब्रिटिशांच्या ताब्यात आलं; तिथल्या १९२२ च्या जनगणनेत साडेसात लाखांत ज्यू होते सुमारे ८४ हजार.

पॅलेस्टाईनमधल्या हेब्रॉन शहरातलं १९२९ चं हत्याकांड मला सर्वांत क्लेशदायक वाटतं. तिथे ६७ ज्यू मारले गेले. झायोनिझमच्या (पॅलेस्टाईनमध्ये ज्यूंचं राष्ट्र उभारण्याच्या चळवळीच्या) शेकडो वर्षं आधीपासून तिथे नांदणारा समाजही त्यात भरडला गेला. अनेक ज्यूंना अरब शेजाऱ्यांनी घरात लपवून वाचवलं, पण ‘आपले जुने ज्यू’ आणि ‘बाहेरून आलेले’ हा भेद त्यानंतर टिकला नाही.

पुढे १९३३ मध्ये हिटलर सत्तेवर आला, दुसऱ्या देशांची दारं बंद होत गेली आणि १९३५ या एका वर्षात ६० हजारांहून जास्त ज्यू इथे आले. जमीन सुटलेली कुळं हैफाच्या झोपडपट्ट्यांत मजुरी करत होती. ब्रिटिशांविरुद्ध शस्त्र उचलणारा धर्मोपदेशक शेख इज्जुद्दीन अल-कस्साम याला अनुयायी मिळाले ते याच वस्त्यांत. नोव्हेंबर १९३५ मध्ये तो ब्रिटिश पोलिसांच्या गोळीबारात मेला. पाच महिन्यांनी अरबांचा उठाव पेटला, आणि १९३७ मध्ये त्याच्या चौकशीसाठी ब्रिटनने नेमलेल्या पील आयोगाने प्रथमच फाळणीची शिफारस केली.