रोलरकोस्टरचा पहिला उतार : उंची, माथा, तळ आणि आपली जागा

आपला प्रश्न थोडक्यात असा आहे : एकाच दिवशी दोन रोलरकोस्टरवर बसल्यावर सुमारे 40 मीटर उंचीच्या कोस्टरच्या पहिल्या उतारावर पोटात खड्डा पडला, आणि 60 मीटर उंचीच्या कोस्टरवर मात्र केवळ जोराचा वारा लागल्यासारखे वाटले, असे उलटे कसे झाले? पहिल्यावर आपण शेवटच्या डब्यात बसला होता आणि दुसऱ्यावर पुढच्या, हे आपण जाता जाता लिहिले आहे. माझ्या मते उत्तराचा अर्धा भाग त्या जाता जाता लिहिलेल्या वाक्यातच आहे.

आधी उंचीचा हिशेब संपवून टाकू. उताराच्या तळाशी मिळणारा वेग उंचीच्या वर्गमुळाच्या प्रमाणात वाढतो. म्हणजे वेग दुप्पट हवा असेल तर उतार चौपट खोल करावा लागतो. घर्षण आणि हवेचा रोध बाजूला ठेवला, तर 40 मीटरच्या उतारावरून ताशी सुमारे 100 किलोमीटर आणि 60 मीटरच्या उतारावरून सुमारे 123 किलोमीटर वेग मिळतो. उंची दीडपट झाली, पण वेग जेमतेम 22 टक्क्यांनी वाढला. त्यातही आपल्या शरीराला एकसारखा वेग जाणवतच नाही. डोळे मिटून बसलेल्या माणसाला ताशी 100 आणि 123 यांतला फरक केवळ वाऱ्यावरून आणि रुळांच्या आवाजावरून ओळखावा लागेल. आतल्या कानाला, पोटाला आणि मानेला कळते ते इतकेच, की आसन आपल्याला किती जोराने वर ढकलत आहे, आणि हा जोर किती झपाट्याने बदलत आहे.

आता उताराचा मधला, सरळ भाग पाहा. तिथे आसनाचा आधार कोनावर ठरतो. 60 अंशांच्या सरळ उतारावर आसन आपल्या वजनाच्या निम्म्या बलाने आपल्याला पेलते, 80 अंशांवर साधारण 17 टक्के आणि 90 अंशांवर अजिबात नाही. अमेरिकेतील सीडर पॉइंट या एकाच उद्यानात याचे दोन चांगले नमुने आहेत : 1989 सालचा मॅग्नम एक्सएल-200, ज्याचा पहिला उतार 60 अंशांचा आहे, आणि 2000 सालचा मिलेनियम फोर्स, ज्याचा उतार 80 अंशांचा आणि सुमारे 91 मीटर खोल आहे. पहिल्यावर उतरताना आपण आसनावर बसलेले असतो, दुसऱ्यावर आसन आपल्याला जेमतेम टेकलेले असते. पण 80 अंशांच्या पुढे कोन वाढवत नेला तरी शरीराला मिळणारी भर थोडीच असते. जाहिरातीत 87 की 90 यावर जे इतके रण माजते, ते प्रामुख्याने डोळ्यांसाठी असते. अपवाद 90 अंश ओलांडणाऱ्या उतारांचा. जपानमधील फुजी-क्यू हायलँडचा ताकाबिशा 2011 साली सुरू झाला, तो केवळ 43 मीटर उंच आहे, परंतु त्याचा उतार 121 अंशांचा, म्हणजे आत वळलेला आहे. तिथे आधाराची दिशाच उलटते आणि आपल्या वजनाच्या साधारण निम्मा भार खांद्यांवरच्या किंवा मांडीवरच्या पट्ट्यावर येतो.

खरा खेळ मात्र सरळ भागात नसून माथ्यावर आहे, जिथे रूळ आडव्याचा उभा होतो. हवेत फेकलेला दगड ज्या वाटेने खाली येतो, नेमक्या त्याच वाटेने रूळ वाकवला तर प्रवासी आसनाला न टेकता, न सुटता तरंगत राहतो. रूळ त्या वाटेपेक्षा सावकाश वाकवला तर वजन थोडेसे हलके वाटते, बाकी काही नाही. त्याहून झपाट्याने वाकवला, तर शरीर सरळ पुढे जाऊ पाहते, गाडी त्याच्या खालून निघून जाते आणि आपण पट्ट्यावर आदळतो. कोस्टरप्रेमी याला एअरटाइम म्हणतात. तरंगवणारा वेगळा आणि उचलून फेकणारा वेगळा, आणि कोणता चांगला यावर वाद कधीच मिटत नाहीत. (मी तरंगवणाऱ्याच्या बाजूचा आहे, हे आधीच सांगून ठेवतो.)

आता आपल्या जागेचा मुद्दा. गाडी एकसंध असते, त्यामुळे कोणत्याही क्षणी सर्व डब्यांचा वेग सारखाच असतो. पण प्रत्येक डबा माथ्यावर वेगळ्या क्षणी पोहोचतो. समजा माथ्याच्या वळणाची त्रिज्या 7 मीटर आहे. पुढचा डबा माथा ओलांडतो तेव्हा बाकीची गाडी अजून वर ओढणाऱ्या साखळीवर चढत असते आणि वेग सेकंदाला 3 मीटर असतो. या वेगाने वजन 13 टक्क्यांच्या आसपास कमी होते, म्हणजे जवळजवळ काहीच नाही. मग तो डबा कड्यावरून खाली पाहत क्षणभर खोळंबतो, कारण मागचे डबे अजून वर यायचे असतात. शेवटचा डबा माथ्यावर येईपर्यंत पुढचे सगळे डबे उताराला लागलेले असतात आणि ते त्याला खेचत असतात. वेग सेकंदाला 9 मीटर झाला आहे असे धरले, तर त्याच 7 मीटरच्या वळणावर लागणारे त्वरण गुरुत्वाकर्षणापेक्षा जास्त होते. आसन सुटते आणि मांड्या पट्ट्याला लागतात. रूळ तोच, माथा तोच, उंची तीच. पुढच्याला दृश्य मिळते, मागच्याला हिसका मिळतो. आपल्या बाबतीत नेमके हेच घडले असावे.

हे तत्त्व जुने आहे. अमेरिकेतील केनीवुड उद्यानात जॉन मिलर यांनी 1920 साली उभारलेला जॅक रॅबिट हा लाकडी कोस्टर आजही चालतो. त्याचा प्रसिद्ध उतार जेमतेम 21 मीटरचा आहे, पण तो दोन टप्प्यांत पडतो : गाडी वेगात खाली येते, क्षणभर रूळ सपाट होतो आणि लगेच पुन्हा खाली वाकतो. त्या दुसऱ्या वाकण्याच्या वेळी गाडीला वेग आधीच असतो, म्हणून मागच्या डब्यातले लोक आसनावरून स्पष्ट उचलले जातात. गाडी रुळावरून उचलली जाऊ नये म्हणून रुळाच्या खालून धरणारी चाके लागतात, आणि त्यांचे पेटंट मिलर यांनीच 1919 साली घेतले होते. त्या चाकांविना आजचा एकही तीव्र उतार शक्य झाला नसता.

काही आरेखक जागेनुसार पडणारा हा फरक मुद्दाम पुसून टाकतात. इंग्लंडमधील ऑल्टन टॉवर्स येथे 1998 साली बॉलिगर अँड माबिलार्ड या स्विस कंपनीचा ऑब्लिव्हियन आला. त्याच्या गाडीत दोनच रांगा आहेत, प्रत्येकीत 8 आसने. गाडी आखूड असल्याने खेचण्याचा परिणाम फारसा उरत नाही, आणि त्याच्या जागी दुसरी युक्ती येते : गाडी कड्यावर झुकवून काही क्षण रोखून धरली जाते. रोखलेल्या गाडीत आपण पुढे लवून पट्ट्यावर लटकतो, शरीराचा बराच भार छातीवर येतो, खाली जमिनीतील काळे भोक दिसत असते. ब्रेक सुटताच तो भार एकदम नाहीसा होतो. पोटात जो गोळा येतो तो वेगामुळे नाही, कारण त्या क्षणी वेग जवळजवळ शून्यच असतो. तो भार नाहीसा होण्याच्या आकस्मिकपणामुळे येतो.

तळाबद्दल लोक कमी बोलतात, पण दुसऱ्या दिवशी मान दुखते ती तळामुळे. तिथला दाब काढण्याचे गणित सोपे आहे : उताराची खोली दुप्पट करा, तिला तळाच्या वळणाच्या त्रिज्येने भागा आणि त्यात 1 मिळवा. 60 मीटर खोल उतार 40 मीटर त्रिज्येच्या वळणाने सावरला तर वजन 4 पट होते. 40 मीटरचा उतार 25 मीटर त्रिज्येत सावरला तर 4.2 पट, म्हणजे बुटका कोस्टर उंच कोस्टरपेक्षा जास्त दाबू शकतो. शिवाय सरळ उतारावरून एकाच त्रिज्येच्या वर्तुळात थेट शिरलो तर हा दाब एका झटक्यात येतो. म्हणून वळणाची वक्रता हळूहळू वाढवत न्यावी लागते. 1976 साली अमेरिकेतील मॅजिक माउंटन उद्यानातील रेव्होल्यूशन या कोस्टरच्या उभ्या फेऱ्यासाठी जर्मन अभियंता वेर्नर श्टेंगल यांनी असाच क्रमाने आवळत जाणारा वक्र वापरला, आणि तोच विचार उताराच्या तळालाही लागू पडतो. एका जुन्या लाकडी कोस्टरवर शेवटच्या रांगेत मी खाली पडलेली टोपी पाहायला वाकलो होतो, नेमका तेव्हाच तळ आला. हनुवटी छातीला लागली आणि पुढचे दोन दिवस मान वळत नव्हती. तळ येण्याआधी डोके आसनाच्या पाठीला टेकवून ठेवावे.

डोळ्यांचा वाटाही लहान नाही. मोकळ्या आकाशात पडताना वेगाचा अंदाज येत नाही, पण रुळाजवळून खांब, झाडे किंवा बोगद्याचे तोंड सरकले की तोच वेग दीडपट वाटतो. जर्मनीतील हॉलिडे पार्कचा 2001 सालचा एक्स्पिडिशन जीफोर्स तर माथ्यावरच गाडीला कुशीवर वळवून खाली सोडतो. त्यामुळे जमीन समोरून न येता बाजूने येते आणि कान व डोळे यांची साक्ष जुळत नाही.

पुढच्या वेळी त्या 60 मीटरच्या कोस्टरवर शेवटच्या रांगेत बसा आणि 40 मीटरच्या कोस्टरवर पहिल्या. एवढ्याने चित्र पालटले, तर फरक जागेचा होता. शेवटच्या रांगेतही मोठा कोस्टर मवाळच वाटला, तर त्याचा माथा फार सैल वाकवलेला आहे असे समजा. तो चढताना बाजूने पाहिलात, तर साखळी संपल्यापासून रूळ पूर्ण उभा होईपर्यंतचे अंतर लांबलचक आहे की आखूड, हे जमिनीवरूनही ओळखता येते.