मुलगा पंधराचा, पीआर सिंगापूरचा आणि समोर दोन वर्षांची सैनिकी सेवा

प्रश्न : सर, आम्ही मूळचे चिंचवडचे, अकरा वर्षांपासून सिंगापुरात आहोत. मिस्टरांच्या नोकरीवर आम्हा तिघांना पीआर, म्हणजे कायम वास्तव्याचा परवाना, मिळाला. मुलगा आता सेकंडरी ३ मध्ये आहे, पंधरा पूर्ण. बारावीनंतर त्याला दोन वर्षं नॅशनल सर्व्हिस करावी लागेल आणि नंतर चाळिशीपर्यंत रिझर्व्हिस्ट (राखीव सैनिक) म्हणून बोलावणी येत राहतील म्हणे. सासूबाई म्हणतात, आपल्यात कोणी मिलिटरीत गेलेलं नाही, पोराची दोन वर्षं फुकट जातील. मिस्टरांच्या मनात त्याला पुढच्या वर्षी पुण्याला आजीकडे ठेवून अकरावी-बारावी आणि जेईई करवून घ्यायचं आहे. पीआर नंतर सोडून देता येईल ना?

उत्तर : ताई, आधी तुमच्या शेवटच्या प्रश्नाचं बघू, कारण बाकी सगळं त्यावर अवलंबून आहे. पीआर सोडता येतो, पण सेवा न करता सोडला तर ते तिथं विसरलं जात नाही. पुढे मुलानं सिंगापुरात शिकायला किंवा नोकरीला अर्ज केला की ही नोंद आड येते. तुमच्या दोघांच्या री-एंट्री परमिटच्या (परदेशी जाऊन पीआर म्हणून परत येण्याच्या परवान्याच्या) नूतनीकरणावरही तिचा परिणाम होऊ शकतो. तुमचे मिस्टर स्वतःच्या नोकरीवर पीआर झाले म्हणून त्यांना सेवा माफ आहे. मुलगा त्यांच्या आधारानं पीआर झाला, म्हणून त्याला ती लागू आहे. ही अट पीआर घेतानाच ठाऊक असते. तेव्हा शाळेची फी आणि घराचा विचार झाला, अटीचा नाही झाला. असं बऱ्याच घरांत होतं, पण आता तरी कागद नीट वाचा.

‘गुपचूप पुण्याला पाठवू’ हा बेत तर मनातून काढूनच टाका. तेरा वर्षांपुढच्या मुलाला तीन महिने किंवा जास्त काळ सिंगापूरबाहेर राहायचं तर एक्झिट परमिट, म्हणजे देशाबाहेर राहण्याची परवानगी, लागतं. मुक्काम दोन वर्षांचा किंवा त्याहून लांबचा असेल, तर बाँडही (तो परत येईल याची पैशांची हमी) द्यावा लागतो. साडेसोळानंतर तीन महिन्यांच्या मुक्कामालाही बाँड लागतो. रक्कम किमान ७५,००० सिंगापूर डॉलर, किंवा तुम्हा दोघांच्या मिळून वार्षिक उत्पन्नाच्या निम्मी, यातली जी जास्त असेल ती. रुपयांत हा आकडा पन्नास लाखांच्या आसपास जातो. परमिट न घेता राहिला तर तो गुन्हा ठरतो. १०,००० डॉलरपर्यंत दंड, तीन वर्षांपर्यंत कैद, किंवा दोन्ही. व्हॉट्सअॅप ग्रुपवर कुणी ‘मेडिकल काढून घ्या’, म्हणजे तब्येतीचा खोटा दाखला मिळवा, असं सुचवलं असेल, तर तो सल्ला तिथंच राहू द्या.

आता जेईईचं. इथं तुमचे मिस्टर चुकत नाहीयेत, फक्त हिशेब उलटा करायला हवा. जेईई अॅडव्हान्स्डला बारावीच्या वर्षी आणि त्याच्या पुढच्या वर्षी, असे लागोपाठ दोनदाच बसता येतं. म्हणजे मुलानं ज्युनियर कॉलेज करून ए लेव्हल (तिथली बारावीच्या तोडीची परीक्षा) दिली आणि दोन वर्षं सेवा केली, की बाहेर पडेपर्यंत आयआयटीचं दार बंद झालेलं असतं. आयआयटी हेच ध्येय असेल, तर सेवा आणि आयआयटी दोन्ही जमणं अवघड आहे, हे मान्य करूनच बोला. उलट सिंगापूरच्या विद्यापीठांत शिकायचं असेल तर तिथं हे गणित आधीच जमवलेलं आहे. ए लेव्हलच्या निकालावर अर्ज करायचा, प्रवेश मिळाला की जागा सेवा संपेपर्यंत राखून ठेवली जाते. त्याच्या वर्गातली इतर मुलंही दोन वर्षांनी मोठीच असतात, त्यामुळे ‘मागे पडला’ असं तिथं कुणी म्हणत नाही. ए लेव्हल किंवा पॉलिटेक्निकचा डिप्लोमा होईपर्यंत भरती पुढे ढकलता येते, पदवीसाठी मात्र नाही.

सासूबाईंना सांगा, हे मिलिटरीतलं करिअर नाही. मलेशियातून १९६५ मध्ये वेगळं झाल्यावर त्या छोट्या देशाकडे स्वतःचं असं सैन्य जेमतेम होतं, म्हणून १९६७ मध्ये सक्तीची सेवा आली. तेव्हापासून घरोघरची मुलं जातात. काही सैन्यात, काही पोलिसांत, काही नागरी संरक्षण दलात. बहुतेकांची सुरुवात पुलाऊ टेकाँग बेटावर होते. पहिल्या दिवशी आई-वडिलांनाही फेरीबोटीतून तिकडे नेतात, मुलांची झोपायची खोली दाखवतात, आणि तिथल्याच भोजनगृहात मुलाबरोबर जेवायला बसवतात. शाकाहारी ताट मिळतं, हे सासूबाईंना आवर्जून सांगा. त्यांची निम्मी काळजी तिथंच असणार. पुढचे काही दिवस मात्र घरी सोडत नाहीत.

एक गोष्ट मुलाच्या हातात आहे. भरतीआधीच्या शारीरिक चाचणीत, म्हणजे पुश-अप, सिट-अप आणि २.४ किलोमीटर धावणं, ठरलेले गुण मिळवले तर सेवा दोन महिन्यांनी कमी होते. आतापासून रोज संध्याकाळी पळायला लागला तर फायदाच आहे.

रिझर्व्हिस्टची भीती जरा जास्तच वाटतेय तुम्हाला. सेवा संपल्यावर दहा वर्षांचं प्रशिक्षणचक्र असतं, वर्षाला जास्तीत जास्त ४० दिवस, आणि दरवर्षी तितके भरतातच असं नाही. साध्या सैनिकाची जबाबदारी चाळिसाव्या वर्षापर्यंत, अधिकाऱ्याची पन्नासपर्यंत. त्या दिवसांचा पगार बुडत नाही, सरकार भरपाई देतं. प्रशिक्षणाची नोटीस आधी येते. अचानक बोलावण्याचा सरावही होतो. टीव्ही-रेडिओवर सांकेतिक शब्द झळकतात आणि ज्यांच्या तुकडीचा शब्द असेल त्यांनी हातातलं काम टाकून हजर व्हायचं. अशा मुलाला नोकरी कोण देईल, असंही तुमच्या मनात येत असेल. अहो, तिथं मुलाखत घेणारा साहेबही बहुधा त्याच रांगेतून आलेला असतो. अडचण वेगळी आहे. पुढे मुलगा लंडनला किंवा बंगळुरूला स्थायिक झाला, तर परदेशातल्या लांब मुक्कामासाठी परवानग्यांचं लचांड मागे लागतं. ते गृहीत धरा.

माझं मत विचाराल तर असं : येत्या पाच-सात वर्षांत तुम्ही सिंगापुरातच राहणार असाल, तर त्याला सेवा करू द्या. तुमचं मन भारतात परतायचं असेल, तर सगळं कुटुंब मिळून आत्ता ठरवा, आणि पीआरबाबत काय करायचं ते इमिग्रेशनकडे व सेंट्रल मॅनपॉवर बेसकडे (सैनिकी सेवेच्या भरती कार्यालयाकडे) लेखी विचारून घ्या. मुलगा इथं, तुम्ही तिथं, आणि पीआर तिघांचा, हा मधला मार्ग सर्वांत महाग पडेल. सिंगापूरचं नागरिकत्व घेतल्यास भारताचं सुटतं, हेही त्याला आतापासून माहीत असू दे.

तुमच्या पत्रात सासूबाई काय म्हणतात ते आहे, मिस्टर काय म्हणतात ते आहे. मुलगा काय म्हणतो ते नाही. त्याचे वर्गमित्र आपापसात हेच बोलत असणार, त्याचं काहीतरी मत नक्की बनलेलं असेल. नोंदणीची नोटीस साधारण साडेसोळाला येते, म्हणजे तुमच्याकडे वर्षभराहून थोडाच जास्त वेळ आहे. आधी त्याला विचारा, मग पुण्याच्या क्लासची चौकशी करा.