हातमोजे, गणवेश, बूट: वीज कामगारांचे प्रश्न

ठेकेदाराने दिलेल्या रबरी हातमोज्यांवर लाल लेबल आहे, खोक्यावर ‘5,000 व्होल्ट टेस्टेड’ छापलंय. 11 केव्हीला (11,000 व्होल्टला) चालतील का?

नाही. लाल लेबल म्हणजे क्लास 0, वापराची मर्यादा फक्त 1,000 व्होल्ट एसी. 5,000 हा चाचणीचा आकडा. तो वापराचा समजला की घात होतो. पांढरं लेबल (क्लास 1) 7,500 व्होल्टपर्यंतच, म्हणून 11 केव्हीला पिवळं, म्हणजे क्लास 2 (17,000) लागतं. पुण्याकडे 22 केव्हीच्या लाइनी आहेत. तिथे पिवळंही तोकडं पडतं, हिरवं (क्लास 3, 26,500) हवं. 33 केव्हीला नारिंगी, क्लास 4 (36,000).

पण योग्य क्लासचे हातमोजे आहेत म्हणून परमिट (लाइन बंद करून काम करण्याची लेखी परवानगी) नको, असं कुणी म्हटलं तर ऐकू नका. लाइन बंद, टेस्टरने खात्री, कामाच्या दोन्ही बाजूंना अर्थिंग, आणि मगच हात. डीओ (ड्रॉप-आउट) फ्यूज, म्हणजे खांबावरचा फ्यूज, काढायचा तो ऑपरेटिंग रॉडनेच (वीजरोधक लांब काठीनेच), हातमोजे घालून.

हातमोजे चिकट झालेत. टाकून द्यायचे का? रोज तपासायचे कसे?

चिकट झाले, फुगले किंवा मऊ पडले तर टाकाच. तेल-ग्रीस लागलं की रबर असंच खराब होतं, ते धुऊन परत येत नाही.

तपासणी एका मिनिटाची आहे. हातमोज्याचं तोंड दोन्ही हातांनी ताणून बंद करा आणि बोटांच्या दिशेने गुंडाळत न्या. अडकलेल्या हवेने तळवा आणि बोटं फुगतील. फुगवटा कायम ठेवून गालाजवळ, मग कानाजवळ धरा. भोक सुईएवढं असलं तरी हवेची झुळूक लागते, फुसफुस ऐकू येते. बोटांच्या बेचक्या ताणून पाहा, भेगा तिथे आधी दिसतात. मग उलटा करून पुन्हा तेच.

हातमोजे खराब होतात ते बहुतेक वेळा ठेवण्यामुळे. गाडीच्या डिकीत पक्कडीखाली दुमडून, उन्हात. घडी पडते तिथे रबर ताणलेलं राहतं आणि हवेतल्या ओझोनने त्यावर बारीक भेगा पडतात. सरळ, बोटं वर करून, वेगळ्या पिशवीत ठेवा. घाम आला तर साध्या साबणाने धुवा, सावलीत वाळवा, टाल्कम लावा.

वरून कातडी हातमोजे हवेतच. त्यांची कड रबराच्या कडेपेक्षा आखूड असावी: क्लास 0 ला अर्धा इंच, क्लास 2 ला दोन इंच. पूर्ण झाकलं तर वीज कातड्यावरून थेट मनगटाला येते. कातड्याच्या आतून बोट फिरवून पाहा. तांब्याची तुटकी तार रुतलेली असेल तर ती रबराला भोक पाडते. वापरातल्या जोडीची विद्युत चाचणी दर सहा महिन्यांनी, तारखेचा शिक्का बघून.

पॅनलवर कामाला 8 कॅलरीचा एफआर (सहज पेट न घेणारा) शर्ट मिळालाय. आत बनियान, वर रेडियमचं जॅकेट चालेल?

बनियान सुती असेल तर चालेल. पॉलिस्टर किंवा नायलॉन नको, ते सुमारे अडीचशे अंशांना वितळून कातडीला चिकटतं. रेडियमची बाजारी जॅकेटं बहुधा पॉलिस्टरचीच. वर ते घातलं तर खालच्या शर्टाचा उपयोग निम्मा संपला. रेनकोटचंही तसंच.

‘8 कॅलरी’ म्हणजे आर्क (विजेचा लोळ) उडाला तर शर्ट झेलू शकतो ती उष्णता, प्रति चौरस सेंटिमीटर. फोड यायला उघड्या कातडीवर साधारण 1.2 पुरतात. पॅनलमधल्या आर्कच्या ऊर्जेचा आकडा 8 च्या वर असेल तर हा शर्ट त्या कामाचा नाही, आणि चेहऱ्याला आर्क-रेटेड (आर्कसाठी तपासलेली) शील्ड नसेल तर शर्ट कितीही भारी असला तरी तोंड उघडंच. बाह्या खाली, गळ्याचं बटण लावलेलं.

धुताना ब्लीच आणि कपडे मऊ करणारं द्रव्य टाळा. भोकाला साध्या दोऱ्याचं ठिगळ लावू नका.

‘18 केव्ही’चे बूट घातल्यावर रबरी मॅट लागते का?

लागते. तो आकडा नव्या, कोरड्या सोलच्या एका मिनिटाच्या चाचणीचा आहे. पावसात भिजलेला, झिजलेला, खिळा घुसलेला बूट त्या आकड्याला बांधील नाही. बूट हा दुसरा आडोसा, पहिला नव्हे.