तिसऱ्यांदा ‘नीट’ कशासाठी?

प्रश्न : मुलगी सांगलीत बीएस्सी मायक्रोबायोलॉजीच्या दुसऱ्या वर्षाला आहे. ‘नीट’ दोनदा दिली, एमबीबीएसला नंबर लागला नाही. आता यीस्टच्या जीन्सचा डेटा घेऊन कॉम्प्युटरसमोर बसते. एका जीनचं काम सापडलं म्हणाली, पंधरा दिवसांनी म्हणते चुकलं असेल. यात पैसे तरी कधी मिळणार? बीएस्सी सोडून तिला तिसऱ्यांदा ‘नीट’ला बसवायचं आम्ही ठरवलंय. चांगला क्लास सुचवा. वहीच्या पानांचे फोटो सोबत जोडलेत. – एक पालक

उत्तर : क्लास सुचवणार नाही. तुमच्या पत्रात ‘आम्ही ठरवलंय’ आहे, पण तिला काय वाटतं याबद्दल एक ओळही नाही. वहीचे फोटो तिला विचारून काढलेत का? वेळ कसा वाया जातो हे दाखवायला तुम्ही ती पानं पाठवलीत. मला त्यांत वेगळंच दिसलं, आणि तुमचा निर्णय वाचून काळजी वाटली.

तिनं एक अनोळखी जीन घेतला. वेगवेगळ्या परिस्थितींत त्याची सक्रियता रायबोसोम (पेशीत प्रथिनं तयार करणारी यंत्रणा) बनवणाऱ्या जीन्सबरोबरच वाढते आणि कमी होते असं तिला दिसलं. म्हणून त्याचंही काम तेच असावं, असा अंदाज तिनं बांधला. नंतर तिनं लिहिलंय : ‘पेशी वेगाने वाढत असताना हे सगळेच वाढतात. मग माझा जीन त्यांचा सोबती की फक्त वाढीचा परिणाम?’ हा प्रश्न तिला कुणी दिलेला नव्हता. उष्णता, उपासमार असा कुठलाही ताण आला की यीस्टचे सुमारे 900 जीन्स एकत्रच बदलतात, हे 2000 साली प्रसिद्ध झालेल्या संशोधनात दिसलं होतं. म्हणजे तिची शंका रास्त आहे. आणि तुम्ही या शंकेला अपयश समजताय!

‘प्रोग्रॅम चालवला की उत्तर येतं, मग माणूस कशाला?’ असंही तुम्ही लिहिलंय. हा गैरसमज शिकलेल्या लोकांतही आहे. यीस्टचा पूर्ण जीनोम, म्हणजे त्याचा सगळा डीएनए, 1996 मध्ये वाचून झाला. जीन्स सुमारे 6,000, तरी त्यांतल्या शेकडो जीन्सचं काम आजही नीट कळलेलं नाही. प्रोग्रॅम एवढंच सांगतो की अमुक जीन तमुक जीन्सबरोबर वरखाली होतो. पण एसटीत शेजारी बसलेले दोघं एकाच गावचे असतीलच असं नाही. 2000 साली ह्यूज हे शास्त्रज्ञ आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी यीस्टच्या 300 स्थितींचा डेटा जमवला. एक अनोळखी जीन काढून टाकल्यावर पेशीत होणारे बदल एर्गोस्टेरॉल (यीस्टच्या पेशीच्या आवरणातला एक मेदपदार्थ) बनवणारे जीन्स बिघडल्यावर होतात तसेच दिसले. त्यांनी तिथं न थांबता प्रयोग करून ते पडताळलं. आज तो जीन ईआरजी28 म्हणून ओळखला जातो. कुठल्या अंदाजावर महिनोन् महिने प्रयोग करायचे आणि कुठला सोडायचा, हे माणसालाच ठरवावं लागतं. तुमची मुलगी तेच शिकतेय.

पैशांची तुमची काळजी मात्र खरी आहे. या वाटेवर लवकर मोठा पगार नाही. पीएचडीला पाच-सहा वर्षं जातात. पण सीएसआयआर-नेट या राष्ट्रीय परीक्षेतून जेआरएफ (ज्युनियर रिसर्च फेलोशिप) मिळाली तर 2023 पासून महिना 37,000 रुपये फेलोशिप आणि वर घरभाडं मिळतं, म्हणजे त्या काळात घरच्यांवर भार पडत नाही. बीएस्सीनंतर एमएस्सीसाठी आयआयटी जॅम किंवा गॅट-बी या प्रवेश परीक्षा आहेत. तयारी तिसऱ्या वर्षात सुरू केली तरी चालेल.

तिला माझं सांगणं : स्टॅटिस्टिक्स मनापासून शीक, आर किंवा पायथनपैकी प्रोग्रॅमिंगची एक भाषा पक्की कर, आणि प्रयोगशाळा सोडू नकोस. नुसत्या कोडिंगच्या भरवशावर जीवशास्त्रात येणारी मुलं पुढे अडतात. एकेक जीन काढलेले यीस्टचे वाण अनेक प्रयोगशाळांत असतात. तुझ्या जीनचा वाण मिळवता येईल का, हे सरांना विचार.

आणि तुम्ही : तिला एक वर्ष घरी बसवून तेच पुस्तक तिसऱ्यांदा उघडायला लावू नका. डॉक्टर व्हायची तिची स्वतःची इच्छा असेल तर गोष्ट वेगळी, पण ती तिच्या तोंडून ऐकू द्या. पुढचं पत्र तिला लिहायला सांगा. त्यात गणिताचे मार्क, शंका आलेला तो ग्राफ आणि ती पडताळायला तिला काय करावंसं वाटतं, एवढं असलं तरी पुरे.