पर्थहून लंडनला थेट विमानाने किती अंतर आणि किती वेळ?

पर्थ ते लंडन हे हवाई अंतर सुमारे १४,५०० किलोमीटर असून थेट विमानाला जाताना साधारण सव्वासतरा तास आणि परतताना अर्धा-पाऊण तास कमी लागतो. हा फरक वाऱ्यामुळे पडतो: उंचावर पश्चिमेकडून पूर्वेकडे वाहणारे वेगवान वारे लंडनकडे जाताना समोरून येतात, तर परतताना पाठीशी असतात. क्वांटास कंपनीने मार्च २०१८ मध्ये बोइंग ७८७-९ विमानाने ही सेवा सुरू केली. वरील वेळ तिच्या वेळापत्रकातील असल्याने त्यात धावपट्टीपर्यंत जाण्या-येण्याची मिनिटेही धरलेली असतात. घड्याळाने मात्र हिशेब चुकतो, कारण लंडन पर्थच्या मागे आहे, ब्रिटनमधील उन्हाळ्यात सात तास आणि हिवाळ्यात आठ. त्यामुळे उन्हाळ्यात पर्थहून संध्याकाळी पावणेसातला निघालेला प्रवासी लंडनला पहाटे पाचच्या सुमारास उतरतो. एक गोष्ट ध्यानात ठेवावी: वाटेतील हवाई क्षेत्र टाळावे लागले, तर हा प्रवास थेट राहीलच असे नाही. एप्रिल २०२४ मध्ये इराणला वळसा घालण्यासाठी लंडनकडे जाणारे विमान इंधनाकरिता सिंगापूरला थांबवावे लागले होते, परतीचे विमान मात्र थेटच येत होते.