घरी मुलांबरोबर केलेला कागद वाळल्यावर का तुटतो?

रद्दीपासून केलेला आपला कागद वाळल्यावर हातात तुटू लागला. आता सुट्टीत सात-आठ वर्षांच्या मुलांबरोबर पुन्हा करून पाहायचा आहे, तर लगद्यात फेव्हिकॉल घालावे की तो मिक्सरमध्ये आणखी बारीक वाटावा, असे आपण विचारले आहे. माझ्या मते दोन्ही करू नये. नाशिकमध्ये आमच्या सोसायटीतल्या मुलांबरोबर मी दर उन्हाळ्यात हा उद्योग करते, आणि कागद तुटतो तो बहुतेक वेळा लगदा फार वाटला गेल्यामुळे किंवा ओल्या कागदावर पुरेसा दाब न पडल्यामुळे, असे मला दिसून आले आहे.

कागदाला धरून ठेवायला डिंक लागत नाही. कागद ज्यांचा बनतो ते सेल्युलोजचे (वनस्पतींतल्या धाग्यांसारख्या द्रव्याचे) तंतू पाण्यात मोकळे होतात, जाळीवर आडवेतिडवे गुंततात आणि पाणी निघून जाताना एकमेकांच्या इतके जवळ येतात की त्यांच्यात हायड्रोजन बंध (रेणूंना एकमेकांशी धरून ठेवणारे आकर्षणाचे दुवे) तयार होतात. वाळलेल्या कागदाची ताकद मुख्यतः या बंधांची असते. मिक्सरचे पाते तंतू सुटे करते तसे ते कापतेही, आणि आखूड तंतूंना गुंतायला फारसा वाव राहत नाही. म्हणून कागद कात्रीने न कापता मुलांना हातांनी फाडू द्यावा. फाडलेली कड भिंगाखाली धरली की तिच्यावर केसांसारखी बारीक कुसे उभी दिसतात. तेच तंतू, आणि ते एकदा डोळ्यांनी पाहिले की मुलांना पुढचे फारसे समजावून सांगावे लागत नाही.

तुकडे रात्रभर भिजवावेत. सकाळी मिक्सरच्या जुन्या भांड्यात (स्वयंपाकाचे भांडे यासाठी वापरू नये) मूठभर तुकडे आणि पाऊण भांडे पाणी घालून दोन-तीन सेकंदांचे मोजके झटके द्यावेत. चमचाभर लगदा पेलाभर पाण्यात ढवळून उजेडात धरावा. छपाईचे तुकडे दिसेनासे झाले आणि धागे अजून तरंगताना दिसत असतील, तर तिथेच थांबावे. कोमट पाण्याच्या बादलीत रवीने घुसळूनही काम होते. वेळ जास्त लागतो, पण ते मुलांना स्वतः करता येते.

कागदाची निवडही महत्त्वाची आहे. वह्यांची वापरलेली पाने आणि प्रिंटरचा कागद सर्वांत चांगला. छपाईच्या नेहमीच्या ए-फोर कागदाचे वजन सुमारे 5 ग्रॅम असते आणि त्यातून त्याच्या निम्म्या आकाराचा, थोडा जाडसर एक कागद होतो, एवढा हिशेब पुरतो. वर्तमानपत्राच्या कागदात लिग्निन (लाकडाला कडकपणा देणारे द्रव्य) बरेच असते, त्यामुळे तो उन्हात पिवळा पडतो. निफाड-दिंडोरीकडे द्राक्षांच्या घडांना गुंडाळलेले वर्तमानपत्र मुलांना दाखवले तर हे सहज पटते. याउलट नाशिकरोडच्या चलार्थपत्र मुद्रणालयात ज्या कागदावर नोटा छापतात तो कापसाच्या तंतूंचा असतो, म्हणूनच खिशात राहून धुतली गेलेली नोट बहुधा शाबूत निघते आणि बसचे तिकीट मात्र विरघळून जाते. गुळगुळीत जाहिरातपत्रके, प्लॅस्टिकचा थर असलेले कप आणि दुकानांतल्या थर्मल पावत्या पूर्णपणे वगळाव्यात. या पावत्यांवर अनेकदा बिस्फेनॉलसारखी रसायने असतात आणि ती मुलांच्या हाताला लागू नयेत.

साच्यासाठी सारख्या मापाच्या दोन जुन्या फोटोफ्रेम घ्याव्यात आणि एकीवर खिडकीची नायलॉनची जाळी ताणून ठोकावी. टबातला लगदा ताकाइतका पातळ असावा. तो दाट राहिला तर कागद एकीकडे जाड आणि दुसरीकडे विरळ होतो. दोन्ही चौकटी एकमेकींवर धरून तिरक्या बुडवाव्यात, पाण्याखाली आडव्या कराव्यात आणि सरळ वर उचलाव्यात. पाणी गळत असतानाच एकदा पुढे-मागे आणि एकदा डावी-उजवीकडे हलके हलवावे. तंतू सर्व दिशांना गुंततात ते याच क्षणात. पृष्ठभागावरची चकाकी गेली की हलवणे थांबवावे, नाहीतर बसलेला थर फाटतो. मुलांचे हात इथे हमखास घाई करतात, तेव्हा पहिले काही कागद फसू द्यावेत. लगदा पुन्हा टबातच जातो आणि काहीही वाया जात नाही.

नंतर वरची चौकट काढून साचा ओल्या सुती पंचावर पालथा घालावा, जाळीवरून स्पंजने पाणी टिपावे आणि साचा एका कडेने उचलावा. पंचा कोरडा असेल तर कागद जाळीलाच चिकटून राहतो. त्यावर दुसरा ओला पंचा, पुन्हा कागद, अशी चळत दोन पाटांमध्ये ठेवून वर मुलांना पाळीपाळीने उभे करावे. आपल्या कागदाचे तुकडे पडत असतील, तर ही पायरी घाईत उरकली गेली असण्याचा संभव फार आहे. दाबून झाल्यावर प्रत्येक कागद पंचावर तसाच ठेवून घरात सावलीत वाळवावा; आपल्याकडच्या एप्रिलच्या उन्हात कडा आधी वाळतात आणि कागद वाकडा होतो.

या कागदावर शाईने लिहिले तर ती फुटते. पेन्सिल किंवा खडू वापरायचे असतील तर काही करायला नको. शाईच हवी असेल तर वाळलेल्या कागदावर तांदळाची पातळ खळ ब्रशने लावून तो पुन्हा वाळवावा.

उरलेला लगदा मात्र मोरीत ओतू नये, तो पाइपात साठून पाणी तुंबवतो. तो फडक्यात गाळून त्याचे गोळे करून कडकडीत वाळवावेत. पुढच्या वेळी ते रात्रभर भिजवले की पुन्हा वापरता येतात.