हेडसेट काढल्यावर पडलेला प्रश्न : मी रेसिस्ट आहे का?

मनात कुणाबद्दल आपोआप वाईट विचार येतात म्हणजे मी माणूसच वाईट का, हे मला बरेच जण विचारतात, परदेशात राहणारे तर जास्तच. त्यावर एक केस सांगते, ओळख पटू नये म्हणून तपशील बदललेत.

न्यू जर्सीत आयटीत असलेला एक मराठी मुलगा माझ्याकडे ऑनलाइन काउन्सेलिंग सेशनला आला. ऑफिसच्या ट्रेनिंगमध्ये व्हीआर (व्हर्च्युअल रिअ‍ॅलिटी, म्हणजे डोळ्यांसमोर आभासी जग दाखवणारा) हेडसेट घातला, समोर आरसा, आरशात आपण कृष्णवर्णीय, हात हलवला की तिथलाही हात हलतो, आणि मग दुकानात शिरलं तर सिक्युरिटीवाला मागे मागे. हा हादरलाच. घरी येऊन त्याने इंटरनेटवर इम्प्लिसिट असोसिएशन टेस्ट (चेहरे आणि शब्द किती पटकन जोडता यावरून मनातला नकळत पूर्वग्रह मोजणारी चाचणी) दिली, रिझल्ट नको तसा आला आणि झोप उडाली. "मॅडम, लिफ्टमध्ये कुणी ब्लॅक माणूस आला की माझा हात बॅगेवर जातो. परत परत व्हीआर केलं तर जाईल का हे?"

मी आधी टेस्टचं सांगितलं. १९९८ पासून ती वापरात आहे, पण आज एक स्कोअर, महिन्याने दुसरा असं होतं, आणि एकट्यादुकट्या माणसाचं निदान करायला ती वापरू नका असं ती बनवणारेच सांगतात.

व्हीआरचं म्हणाल तर बार्सिलोनात संशोधक मेल स्लेटर यांच्या टीमने २०१३ मध्ये गोऱ्या बायकांना असंच कृष्णवर्णीय शरीर दिलं तेव्हा टेस्टमधला बायस, म्हणजे पूर्वग्रह, कमी झाला, २०१६ मध्ये त्याच शरीरात ताय ची या संथ चिनी व्यायामाचे धडे दिले तर आठवड्यानंतरही तो कमीच होता. पण २००९ चा स्टॅनफर्डचा प्रयोग बघा, तिथे व्हीआरमध्ये कृष्णवर्णीय शरीर घेऊन नोकरीचा इंटरव्ह्यू होता आणि बायस उलट वाढला! नंतर स्लेटर यांच्याच टीमला दिसलं की आजूबाजूचं वातावरण नकोसं असेल तर फायदा होत नाही. म्हणजे त्या शरीरात असताना काय अनुभव येतो त्यावर खूप आहे. शांतपणे काहीतरी शिकणं वेगळं आणि अपमान, भीती वेगळी. म्हणून लोकांना नुसतं हादरवून सोडणारी ट्रेनिंग मला पटत नाहीत, माणूस अपराधीपणात अडकतो आणि समोरच्याला टाळायलाच लागतो. ह्याचंही तेच झालेलं, तो लिफ्ट सोडून जिन्याने जायला लागला होता.

मग आम्ही भीती कुठून आली ते शोधलं. अमेरिकेत पाय ठेवल्यापासून आपल्याच लोकांचे "त्या एरियात जाऊ नको" असे सल्ले, आणि त्याआधी इथे घरी सावळ्या बहिणीच्या लग्नाची काळजी, "रंग जरा उजळ असता तर" वगैरे. बहिणीचं बोलताना तो बराच वेळ गप्प झाला. मी घाई केली नाही.

एक गोष्ट पक्की ठरवली, लिफ्टमध्ये हात बॅगेकडे गेला की तो खाली घ्यायचा, समोरच्याकडे बघायचं आणि गुड मॉर्निंग म्हणायचं. शिवाय रविवारी सोसायटीच्या कोर्टवर बास्केटबॉल, तिथे सगळ्या वंशाचे लोक एकाच टीममध्ये असतात. काही महिन्यांनी म्हणाला, हात अजून कधीकधी जातो, पण जिना सुटलाय, आणि कोर्टवरच्या एकाने ह्याला घरी जेवायला बोलावलंय.